वीस कोटी येनची निकड : टोयोटा, १९४९-५०

डिसेंबर १९४९ मध्ये जपानमधील टोयोटा मोटर या कंपनीला वर्षअखेरची देणी भागवण्यासाठी सुमारे २० कोटी येन तातडीने हवे होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ठरलेल्या दराने, म्हणजे एका डॉलरला ३६० येन या हिशेबाने, ही रक्कम साडेपाच लाख डॉलरच्या आसपास भरते. मोटार बनवणाऱ्या कारखान्याच्या मानाने ती काही डोळे दिपवणारी नव्हती, पण कंपनीच्या तिजोरीत तेवढीही नव्हती. विकलेल्या ट्रकांचे हप्ते वसूल होत नव्हते, पोलादाचे भाव चढले होते आणि पगार भागवणे अवघड झाले होते.

आज ‘लीन मॅन्युफॅक्चरिंग’ या नावाने जगभर शिकवल्या जाणाऱ्या उत्पादनपद्धतीच्या उगमाची हकिगत बहुधा या तिजोरीपासून सुरू होत नाही. ती सुरू होते अमेरिकेतील सुपरमार्केटपासून, फोर्डच्या कारखान्याला दिलेल्या भेटीपासून किंवा ताइइची ओनो या अभियंत्याच्या कल्पकतेपासून. यांतले काहीच खोटे नाही. मात्र घटना तारीखवार मांडल्या, तर पद्धतीतल्या बहुतेक मूळ कल्पना १९४९ च्या आधीच, काही तर पाव शतक आधी, टोयोडा कुटुंबाच्या कारखान्यांत अस्तित्वात होत्या असे दिसते. १९४९-५० मध्ये नव्याने आली ती सक्ती. खेळते भांडवल आटलेल्या कंपनीला धनकोंनी घातलेल्या अटी आणि त्या अटींपायी झालेला कामगारतंटा, या दोहोंनी आधीच्या विस्कळीत कल्पनांना कामाची शिस्त बनवले, हे या प्रकरणातून दाखवता येते.

धोट्यापासून सुरुवात

कुटुंबाचे आडनाव टोयोडा, मोटारीचे नाव टोयोटा. साकिची टोयोडा हे एका सुताराचे चिरंजीव. १८६७ मध्ये आजच्या शिझुओका प्रांतातल्या खेड्यात ते जन्मले आणि आयुष्यभर मागाच्या सुधारणेमागे लागले. १९२४ मध्ये मुलगा किइचिरो याच्यासह त्यांनी पूर्णत्वाला नेलेल्या ‘जी’ प्रकारच्या स्वयंचलित मागाची दोन वैशिष्ट्ये होती. धोट्यातले सूत संपत आले की वेग कमी न करता भरलेला धोटा आपोआप त्याची जागा घेई. आणि धागा तुटला की माग स्वतःहून थांबे. इचलकरंजी किंवा मालेगावच्या वाचकाला या दुसऱ्या गोष्टीचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही. साध्या यंत्रमागावर ताण्याचा एक धागा तुटला आणि कामगाराची नजर त्या क्षणी दुसऱ्या मागावर असली, तर माग तसाच धडधडत राहतो आणि फट पडलेले कापड विणत जातो. टोयोडांच्या मागावर प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी अडकवलेली असे. धागा ताठ असेपर्यंत पट्टी वर तरंगे, धागा तुटताच ती खाली पडे आणि तिच्या पडण्याने मागाचा चालता दांडा अडे. यंत्र चालू असताना त्याच्यावर डोळा ठेवून उभे राहण्याचे कामच यामुळे संपले आणि एकेका कामगाराकडे तीस-तीस माग सोपवता येऊ लागले.

१९२९ मध्ये इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रमाग कंपनीने या मागाचे हक्क १ लाख पौंडांना घेण्याचा करार केला. लँकेशायरच्या यंत्रांनी ज्या काळात साऱ्या आशियातल्या गिरण्या भरल्या होत्या, त्या काळात लँकेशायरच्याच कंपनीने जपानी सुताराच्या मुलाकडून यंत्र विकत घ्यावे, ही घटना आपल्याकडच्या गिरण्यांच्या इतिहासात अजून पुरेशी नोंदली गेलेली नाही. किइचिरो यांच्या मोटारविषयक प्रयोगांना या व्यवहाराचा आधार मिळाला. १९३३ मध्ये माग बनवणाऱ्या कंपनीतच मोटार विभाग निघाला आणि १९३७ मध्ये त्याची स्वतंत्र कंपनी झाली.

१९३८ मध्ये आइची प्रांतातल्या कोरोमो या गावी नवा कारखाना सुरू करताना किइचिरो यांनी ‘जस्ट इन टाइम’ हे शब्द वापरले. प्रत्येक भाग जेव्हा लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच यावा, गुदाम ठेवूच नये, असा त्यांचा आग्रह होता आणि तो कसा अमलात आणायचा याची जाडजूड सूचनापुस्तिका त्यांनी स्वतः तयार केली होती. पुढे युद्ध आले, पोलादापासून टायरपर्यंत सर्व काही सरकारी वाटपाने मिळू लागले, आणि जे मिळेल ते, मिळेल तेव्हा साठवून ठेवण्याच्या दिवसांत ‘वेळेवर येणाऱ्या’ भागांची योजना बाजूला पडली. कल्पना योग्य असून ती टिकली नाही, हे येथे लक्षात ठेवायला हवे.

अटी

युद्धोत्तर जपानमध्ये महागाई भडकलेली होती. ती रोखण्यासाठी अमेरिकी ताबा-प्रशासनाने डेट्रॉइटचे बँकर जोसेफ डॉज यांना आणले आणि १९४९ च्या वसंतात त्यांचा कठोर कार्यक्रम लागू झाला. अर्थसंकल्प शिलकीचा करणे, अनुदाने बंद करणे, कर्जपुरवठा आवळणे असे त्याचे स्वरूप होते. महागाई आटोक्यात आली, पण बाजारातला पैसाही आटला. टोयोटाचे गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः ट्रक हप्त्यांवर घेणारे वाहतूकदार आणि छोटे व्यापारी. त्यांचे हप्ते थकले. पोलादावरचे अनुदान गेल्याने कच्च्या मालाचा भाव वाढला, पण वाहनांच्या किमतींवर सरकारी नियंत्रण कायम होते. खर्च वाढतो, किंमत वाढवता येत नाही आणि उधारी वसूल होत नाही, अशा तिहेरी कोंडीत कंपनी सापडली. निस्सान आणि इसुझु या दुसऱ्या दोन मोटार कंपन्यांनी त्याच शरद ऋतूत कामगारकपात सुरू केली होती.

किइचिरो कपातीला तयार नव्हते. डिसेंबरमध्ये कंपनी आणि कामगार संघटना यांच्यात लेखी समझोता झाला. त्यानुसार कामगारांनी १० टक्के पगारकपात मान्य केली आणि कंपनीने कोणालाही काढणार नाही असे लिहून दिले. त्याच महिन्यात विद्युत भागांचा विभाग वेगळा काढून निप्पोनदेन्सो ही स्वतंत्र कंपनी करण्यात आली. जहाज बुडताना सामान हलके करावे तसा हा प्रकार होता. पुढे हीच कंपनी जगातल्या मोठ्या सुटे-भाग उत्पादकांपैकी एक झाली, हा भाग निराळा.

एवढ्याने भागले नाही. बँक ऑफ जपानच्या नागोया शाखेने पुढाकार घेऊन २४ बँकांचा गट उभा केला आणि वर्षअखेरचे कर्ज मिळवून दिले. त्याबरोबर अटी आल्या. विक्रीचे काम उत्पादनापासून तोडून स्वतंत्र विक्री कंपनीकडे द्यावे, ही पहिली. विक्री कंपनी जेवढी वाहने विकू शकेल तेवढीच बनवावीत, ही दुसरी. अतिरिक्त ठरणारे मनुष्यबळ कमी करावे, ही तिसरी. एप्रिल १९५० मध्ये शोतारो कामिया यांच्या नेतृत्वाखाली टोयोटा मोटर सेल्स ही वेगळी कंपनी स्थापन झाली, आणि ती १९८२ पर्यंत वेगळीच राहिली.

या अटींकडे बहुतेक वृत्तान्तांत धनकोंची नेहमीची कडक वागणूक म्हणून पाहिले जाते. मला त्यातली दुसरी अट निर्णायक वाटते. कारखानदाराची स्वाभाविक वृत्ती अशी असते की यंत्र आहे, माणूस आहे, कच्चा माल आहे, तर माल काढत राहावे. तो आज ना उद्या विकला जाईल. हिशेबाच्या वहीत गुदामातला माल ‘मत्ता’ म्हणून दिसतो, त्यामुळे जास्तीचे उत्पादन डोळ्यांत सलत नाही. विकले जाईल तेवढेच बनवा, ही अट या वृत्तीच्या मुळावर येते. पुढे ओनो यांनी अपव्ययाचे, जपानी भाषेत ‘मुदा’चे, सात प्रकार सांगितले : गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, नेआण, अनावश्यक प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि सदोष माल. यांत जास्तीचे उत्पादन त्यांनी सर्वांत वाईट मानले, कारण बाकीचे प्रकार त्याच्या पोटात दडतात. ज्या कंपनीला बँकांनी १९४९ च्या अखेरीस हेच बजावले होते, तिच्या अभियंत्याने हा क्रम लावावा यात योगायोग फारसा नाही.

तिसऱ्या अटीची किंमत माणसांनी मोजली. एप्रिल १९५० मध्ये कंपनीने सुमारे १,६०० जणांना स्वेच्छेने निवृत्त होण्याचे आवाहन केले. चार महिन्यांपूर्वीच्या लेखी वचनाचा हा उघड भंग होता आणि संघटनेने तो तसाच मानला. काम बंद पडत राहिले, सभा होत राहिल्या, मे महिना त्यातच गेला. ५ जून रोजी किइचिरो यांनी जबाबदारी स्वीकारून अध्यक्षपदाचा राजीनामा दिला, आणि १० जूनला तंटा मिटला तेव्हा दोन हजारांहून अधिक माणसे कंपनी सोडून गेली होती. उरली सुमारे सहा हजार.

तंटा मिटल्यानंतर पंधरा दिवसांनी, २५ जूनला, कोरियात युद्ध सुरू झाले आणि अमेरिकी सैन्याने जपानी कारखान्यांकडे ट्रकांची मागणी नोंदवली. टोयोटाला जुलैत पहिली १,००० ट्रकांची मागणी आली आणि एकूण खरेदी साडेचार हजारांच्या वर गेली. पंधरा दिवसांचे हे अंतर पाहून कोणीही हळहळेल. माग कंपनीतून अध्यक्षपदी आलेले ताइझो इशिदा काटकसरीसाठी प्रसिद्ध होते. ‘आपला किल्ला आपणच राखावा’ असे ते म्हणत, आणि याचा व्यवहारातला अर्थ पुन्हा बँकेच्या दारात जायचे नाही असा होता. हाती आलेल्या पैशातून त्यांनी माणसे परत भरली नाहीत. १९५१ पासून यंत्रसामग्रीच्या आधुनिकीकरणाची पाच वर्षांची योजना आखली. किइचिरो यांना पुन्हा अध्यक्षपदी आणण्याचे ठरत असतानाच मार्च १९५२ मध्ये वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मागणी वाढलेली आणि माणसे तेवढीच, या अवस्थेत आता यंत्रशाळेकडे वळायला हवे.

यंत्रशाळेत

ताइइची ओनो १९१२ मध्ये मांचुरियातील दाइरेन येथे जन्मले, नागोयाच्या तंत्रविद्यालयात शिकले आणि १९३२ मध्ये टोयोडांच्या सूतगिरणीत लागले. १९४३ मध्ये ते मोटार कंपनीत आले. म्हणजे कारखाना कसा चालतो याचे त्यांचे पहिले शिक्षण मागांच्या ओळींत झाले, जेथे एकेक मुलगी कित्येक यंत्रे सांभाळत असे. मोटार कंपनीत आल्यावर त्यांना एका यंत्रापुढे एक माणूस उभा दिसला आणि तो माणूस बराच वेळ काहीच करत नव्हता.

हे दृश्य जरा जवळून पाहू. लेथवर कामगार लोखंडाचा गट्टू बसवतो, आवळतो, कळ दाबतो. पाते फिरत्या धातूवरून सरकू लागते. यानंतर काप पूर्ण होईपर्यंत कामगाराला काम नसते, पण तो जाऊ शकत नाही. काप संपताच यंत्र थांबवले नाही तर पाते पुढे घुसेल. तो यंत्राचा पहारेकरी बनतो. शेजारी मिलिंग यंत्रावर तसाच दुसरा पहारेकरी, ड्रिलवर तिसरा. शिवाय यंत्रांची मांडणी प्रकारवार असे : सर्व लेथ एकीकडे, सर्व ड्रिल दुसरीकडे. एका भागाला लेथवरून ड्रिलवर जायचे तर तो आधी ढिगात पडे, मग ढिगासकट गाडीवर चढे आणि दुसऱ्या ढिगात जाऊन पडे.

१९४७ मध्ये ओनो यांनी यंत्रे काटकोनात किंवा समोरासमोर मांडून एका कामगाराकडे दोन यंत्रे दिली. १९४९-५० मध्ये ती संख्या तीन-चारवर गेली आणि यंत्रे प्रकारवार न ठेवता कामाच्या क्रमाने, घोड्याच्या नालेच्या आकारात लावली गेली. यासाठी काप पूर्ण होताच यंत्राने स्वतः थांबणे आवश्यक होते. म्हणून यंत्रांना छोटे मर्यादा-स्विच बसवले. धागा तुटताच पडणारी मागावरची पट्टी आणि काप संपताच वीज तोडणारा हा स्विच एकाच विचाराची दोन रूपे आहेत. जपानी भाषेत ‘स्वयंचलन’ हा शब्द लिहिताना टोयोटात त्यातल्या ‘चालणे’ या अक्षराला माणसाची खूण जोडतात. उच्चार ‘जिदोका’ हाच राहतो, अर्थ मात्र ‘माणसाची समज असलेले स्वयंचलन’ असा होतो. हत्यारांना धार लावण्याचे कामही ओनो यांनी प्रत्येक कारागिराच्या हातून काढून एका ठिकाणी आणले, कारण धार लावायला गेलेला कारागीर किती वेळाने परतेल याचा हिशेब कोणाकडे नसे.

हे लोकांना आवडले असेल असे समजण्याचे कारण नाही. लेथवाला हा लेथवाला होता. त्याची कारागिरी, त्याचा मान आणि धार लावण्याची त्याची खास हातोटी हे सर्व एकमेकांत गुंतलेले होते. त्याला ड्रिल आणि मिलिंगही सांभाळ म्हणणे म्हणजे त्याला कुठल्याच यंत्राचा राजा न ठेवणे होय. ओनो यांनी स्वतः हा विरोध मान्य केला आहे. अमेरिकेत व्यवसायवार संघटना होत्या. लेथवाल्याने ड्रिलला हात लावणे हा तेथे दोन संघटनांतला वाद झाला असता. जपानमध्ये संघटना कंपनीनिहाय असल्याने हा अडसर कमी होता. पण दुसरेही एक कारण नजरेआड करता येत नाही. १९५० च्या उन्हाळ्यात यंत्रशाळेत उभा असलेला प्रत्येक माणूस कपातीतून वाचलेला होता. एकाने तीन यंत्रे सांभाळावीत ही मागणी त्याच्यापुढे आली, तेव्हा शेजारच्या रिकाम्या जागा त्याला दिसत होत्याच. त्या तंट्यानंतर टोयोटाने कायम कामगारांची मोठी कपात टाळली आणि १९६२ मध्ये व्यवस्थापन व संघटना यांनी परस्परविश्वासाचे संयुक्त घोषणापत्र काढले. काम वाढवून माणूस वाचला तर त्याला घरी पाठवले जाणार नाही, ही हमी नंतर या पद्धतीचा पाया झाली. पण पद्धतीचा पहिला टप्पा हमी मिळण्यापूर्वीचा, भीतीच्या सावलीतला आहे.

मागून ओढलेली गाडी

युद्धोत्तर काळात टोयोटाची आणखी एक अडचण होती आणि ती आपल्याकडच्या कोणत्याही कारखान्यातल्या माणसाला ओळखीची वाटेल. महिन्याचा पहिला पंधरवडा जुळणी विभाग सुटे भाग गोळा करण्यात घालवी. कशाचे हजार नग आलेले, कशाचा एकही नाही, अशी स्थिती असे. सर्व भाग जमले की दुसऱ्या पंधरवड्यात घाईघाईने गाड्या जोडल्या जात. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात महिनाअखेरीला पाळ्यांवर पाळ्या का लागतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला याहून जास्त सांगायला नको.

उपाय म्हणून ओनो यांनी प्रवाहाची दिशा उलटी धरली. नेहमीच्या रीतीत आधीचा विभाग योजनेप्रमाणे माल बनवतो आणि पुढच्या विभागाकडे ढकलतो. त्याऐवजी पुढच्या विभागाने मागच्या विभागाकडे जाऊन हवे तेवढेच उचलावे आणि मागच्याने उचलले गेले तेवढेच पुन्हा बनवावे. सुपरमार्केटची तुलना येथे येते. गिऱ्हाईक फळीवरून हवी ती वस्तू घेते आणि दुकान तेवढीच फळी भरते. अमेरिकेतील सुपरमार्केट ओनो यांनी प्रत्यक्ष पाहिले ते १९५६ मध्ये. त्याच्या बऱ्याच आधी, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, नुसत्या ऐकीव माहितीवर त्यांनी यंत्रशाळेत हा प्रयोग सुरू केलेला होता. तेव्हा सुपरमार्केट पाहून पद्धत सुचली, हा लोकप्रिय क्रम बरोबर नाही.

उचल कळवण्यासाठी १९५३ च्या सुमारास चिठ्ठ्या आल्या. जपानीत ‘कानबान’ म्हणजे पाटी, अगदी दुकानावरची पाटीसुद्धा. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात ठेवलेल्या त्या आयताकृती कागदावर कोणता भाग, किती नग, कुठून उचलायचा आणि कुठे द्यायचा एवढेच लिहिलेले असे. चिठ्ठी नसेल तर माल उचलायचा नाही आणि बनवायचाही नाही.

या चिठ्ठीची ताकद समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. जुळणीला एका भागाचे दिवसाला ४०० नग लागतात, चिठ्ठी सुटल्यापासून भरलेली पेटी परत येईपर्यंत अर्धा दिवस जातो, एका पेटीत २० नग बसतात आणि अडीअडचणीसाठी १० टक्के जास्तीचे ठेवायचे आहेत. अर्ध्या दिवसाचे २०० नग, त्यावर २० जास्तीचे, म्हणजे २२० नग. ११ पेट्या, ११ चिठ्ठ्या. चिठ्ठ्या ११ असल्या तर कारखान्यात या भागाचा साठा २२० च्या वर जाऊच शकत नाही, मग कोणी कितीही उत्साही असो. आता मुकादमाने एक चिठ्ठी काढून खिशात घातली, तर साठ्याची मर्यादा २०० वर येते. काही बिघडले नाही तर ती खिशातच राहील. जुळणी अडली तर कुठे अडली ते लगेच दिसेल : यंत्र बंद पडते आहे, माल सदोष येतो आहे की पेटी वाहणारा उशीर करतो आहे. साठा कमी करण्याचा हेतू पैसा मोकळा करणे हा होताच, पण साठ्याखाली झाकलेले दोष उघडे पाडणे हा दुसरा उपयोग पहिल्याहून मोठा ठरला. नदीचे पाणी उतरले की खडक दिसतात तसे.

गंमत अशी की टोयोटातच अनेकांना हा प्रकार जाचक वाटे आणि बरीच वर्षे तो कंपनीची पद्धत म्हणून नव्हे, तर ‘ओनो पद्धत’ म्हणून, काहीशा नापसंतीने ओळखला जाई. सर्व कारखान्यांत कानबान पसरायला १९६२-६३ उजाडले आणि बाहेरच्या पुरवठादारांपर्यंत ती त्यानंतर गेली. किइचिरो यांचे चुलतभाऊ एइजी टोयोडा १९५० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील फोर्डच्या रूज येथील कारखान्यात काही आठवडे राहून आले; त्यांनी तेथून आणलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणजे कामगारांकडून सूचना मागवण्याची रीत, जी १९५१ पासून टोयोटात सुरू झाली. फोर्डच्या प्रवाही जुळणीबद्दल ओनो यांना आदर होता, पण एकाच नमुन्याच्या लाखो गाड्या काढण्याची सोय टोयोटाला नव्हती. स्थापनेपासून १९५० पर्यंतच्या तेरा वर्षांत तिने जेमतेम पावणेतीन हजार प्रवासी मोटारी बनवल्या होत्या. रूजला तेवढ्या एका पाळीच्या आसपास निघत.

थोडा-थोडा आणि अनेक तऱ्हेचा माल काढायचा तर पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या प्रेस या यंत्रावरचे साचे वारंवार बदलावे लागतात, आणि येथे सारे अंकगणित अडते. साचा बदलायला तीन तास लागत असतील आणि प्रेसचा दहा टक्क्यांहून जास्त वेळ त्यात जाऊ द्यायचा नसेल, तर एकदा साचा चढवल्यावर २७ तास तोच भाग ठोकत राहावे लागते, गरज असो वा नसो. तीन तासांचे तीन मिनिटे झाले, तर २७ मिनिटांत दुसरा भाग घेता येतो. १९६९ मध्ये १,००० टनी प्रेसचा साचा बदलायला टोयोटाला चार तास लागत आणि जर्मनीत फोक्सवॅगनला दोन. सल्लागार अभियंते शिगेओ शिंगो आणि कारखान्यातली मंडळी यांनी तो वेळ आधी दीड तासावर आणला आणि मग तीन मिनिटांवर. युक्ती ऐकायला साधी आहे : प्रेस चालू असतानाच करता येण्याजोगी सर्व तयारी आधी उरकायची आणि यंत्र थांबल्यावर फक्त उरलेलेच काम करायचे. पण ती तीन मिनिटे मिळेपर्यंत १९४९ च्या अटीला वीस वर्षे होत आली होती.

नाव

ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलसंकट आले, जपानची वाढ थांबली आणि बहुतेक कारखान्यांत माल साचला. टोयोटा इतरांच्या मानाने लवकर सावरली, तेव्हा जपानमधल्याच उद्योगांनी ही पद्धत कुतूहलाने पाहायला सुरुवात केली. त्याच सुमारास एका जपानी पत्रकाराने हंगामी कामगार म्हणून टोयोटाच्या जुळणी-साखळीवर काही महिने काम केले आणि तिचा वेग, थकवा आणि एकटेपणा यांविषयी लिहिले. प्रत्येक रिकामा क्षण ‘मुदा’ म्हणून काढून टाकला की माणसाच्या विसाव्याचे काय, हा त्याचा प्रश्न १९४७ मधल्या लेथवाल्याच्या तक्रारीचाच पुढचा भाग होता. हंगामी कामगारांना कायम नोकरीची ती हमी नव्हती, हेही येथे नोंदवायला हवे.

१९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी कॅलिफोर्नियातील फ्रिमाँट येथे संयुक्त कारखाना सुरू केला. जपानी माणसाच्या स्वभावामुळे ही पद्धत चालते, अमेरिकेत चालणार नाही, हा समज तेथे मोडला. कामगार बहुतांशी जनरल मोटर्सच्या बंद पडलेल्या त्याच कारखान्यातले होते. भारतात टोयोटा १९९७ मध्ये किर्लोस्कर समूहाबरोबर बेंगळुरूजवळच्या बिडदीला आली, तोवर पद्धतीला जगन्मान्य नाव मिळालेले होते.

ते नाव देणारे जॉन क्रॅफसिक फ्रिमाँटच्या कारखान्यात अभियंता होते आणि नंतर एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातील मोटार उद्योगाच्या संशोधनप्रकल्पात गेले. १९८८ च्या लेखात त्यांनी ‘लीन’ हा शब्द वापरला : साठा, जागा, जास्तीची माणसे असा कुठलाही चरबीचा थर नसलेली, सडपातळ पद्धत. (मराठीत ‘लीन’ म्हटले की नम्र किंवा तल्लीन माणूस डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे प्रशिक्षणवर्गात पहिला तास बहुधा हा गोंधळ निस्तरण्यात जातो.) त्याआधी आपल्या संशोधनात याच पद्धतीसाठी त्यांनी वेगळा शब्द योजला होता. जुन्या, साठ्याच्या गाद्यागिरद्यांवर बसलेल्या उत्पादनपद्धतीच्या उलट, जिच्यात एक पेटी उशिरा आली तरी सारी साखळी थांबते, तिला त्यांनी ‘नाजूक’ म्हटले होते. तो शब्द कानाला बरा वाटत नाही म्हणून मागे पडला.